बायोप्सी सांगितलीय? सुईच्या आधी, बाटली हातात आल्यावर आणि रिपोर्टनंतर काय करायचं

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘बायोप्सी’ लिहिलं की बहुतेक घरांत त्याचा एकच अर्थ लावला जातो: कॅन्सर निघाला. तसं नसतं. शंका असलेल्या भागातला लहानसा तुकडा किंवा काही पेशी काढायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, याला बायोप्सी म्हणतात. हा शब्द १८७९ साली अर्नेस्ट बेनिए या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी वापरात आणला. मानेतली गाठ टीबीची आहे का, लघवीतून प्रथिनं जातायत ती किडनीच्या कुठल्या बिघाडामुळे, अंगावरचा बधिर चट्टा कुष्ठरोगाचा आहे का, गव्हाचं पचत नाही म्हणून आतड्याच्या अस्तराला इजा झालीय का, अशा कितीतरी प्रश्नांसाठी बायोप्सी करतात. कॅन्सर हा त्यातला एक प्रश्न आहे. आणि कॅन्सर असलाच, तर तो कुठल्या प्रकारचा हे कळल्याशिवाय उपचार ठरवताच येत नाहीत.

मी नाशिकच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुने स्वीकारण्याच्या खिडकीवर काम करते. आमच्याकडे येणारा नमुना पुष्कळदा नातेवाइकाच्या हातातून येतो. थिएटरच्या दाराशी सिस्टर बाटली देतात, ‘एवढी लॅबला नेऊन द्या’ म्हणतात, आणि कधी मुलगा, कधी जावई, कधी शेजारचे काका ती घेऊन निघतात. या माणसाला कुणी काहीच सांगितलेलं नसतं. तपासणीचं खरंखोटं मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हातातल्या बाटलीवर आणि खिशातल्या कागदावर ठरतं. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

कुठली बायोप्सी, हे आधी विचारून घ्या

‘गाठीचं पाणी काढून तपासलं’ असं आपण म्हणतो ती बहुतेक वेळा एफएनएसी असते. इंजेक्शनच्या सुईसारखी बारीक सुई गाठीत घालून पेशी ओढून घेतात आणि काचपट्टीवर पसरतात. भूल लागत नाही, दहा-पंधरा मिनिटांत माणूस घरी जातो, रिपोर्ट एक-दोन दिवसांत येतो. थायरॉइडची गाठ, मानेतल्या गाठी, लाळेच्या ग्रंथी यांसाठी पहिली पायरी म्हणून ही चांगली आहे. पण तिच्यात सुट्या पेशी दिसतात, त्यांची मूळ रचना दिसत नाही. म्हणून कधीकधी एफएनएसीनंतर ‘आता बायोप्सी करा’ असं सांगतात. त्याचा अर्थ आधीच्या डॉक्टरांनी पैसे उकळले असा घेऊ नका. पहिल्या तपासणीने दिशा दाखवली, दुसरी खात्री करते.

दुसरी म्हणजे कोअर बायोप्सी. कुणी तिला ट्रू-कट म्हणतात. जाड सुईने दोऱ्यासारखे बारीक, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर लांबीचे तुकडे निघतात. स्तनातल्या गाठीसाठी आज हीच पहिली पसंती आहे आणि तिथे साधारण १४ गेज जाडीची सुई वापरतात. प्रोस्टेटमधून साधारण १२ ठिकाणचे तुकडे घेतात. फुप्फुस आणि यकृतासाठी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या मदतीने नेमकी जागा धरून सुई घालतात.

तोंडातला पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर कडेचा छोटा तुकडा कापून घेतात. त्वचेसाठी गोल पात्याचं पंच नावाचं हत्यार असतं. पोट, आतडं, श्वासनलिका इथून दुर्बिणीतून चिमट्याने तुकडे घेतात. रक्ताच्या आजारासाठी कमरेमागच्या हाडातून मज्जा काढतात.

एक जागा अशी आहे जिथे योग्य प्रकार निवडणं फार मोलाचं ठरतं. मानेत, काखेत किंवा जांघेत रबरासारख्या गाठी आल्या आणि डॉक्टरांना लिम्फोमाची, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरची, शंका असेल, तर शक्य असेल तिथे अख्खी गाठ काढून तपासणं उत्तम. नुसत्या पेशींवरून लिम्फोमाचा प्रकार सांगणं अवघड जातं. आणि तुकडा निघण्याआधी ‘सूज उतरेल’ म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर गाठ तात्पुरती विरघळते, सूक्ष्मदर्शकाखाली नीट काही दिसत नाही आणि निदान लांबतं. कुठल्याही गोळीने गाठ लहान झाली असेल तर त्या गोळीचं नाव बायोप्सीआधी डॉक्टरांना सांगाच.

तेव्हा विचारायचं एवढंच: ‘डॉक्टर, यातली कुठली करणार, नेमकी कशाची शंका आहे आणि तुकडा कुठल्या कुठल्या तपासणीला जाणार?’ शेवटचा भाग विसरू नका. बाटलीत काय भरायचं ते त्यावर ठरतं.

आदल्या दिवसापर्यंतची तयारी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधी बोला. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, किंवा हृदयात स्टेंट टाकल्यावर दिलेली कुठलीही गोळी चालू असेल तर ती अख्खी स्ट्रिप सोबत न्या. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. अलीकडे स्टेंट टाकलेल्या माणसाने ती परस्पर सोडली तर स्टेंट बंद पडण्याचा धोका असतो, आणि तो बायोप्सीतल्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी मोठा आहे. वरवरच्या एफएनएसीला गोळी थांबवावी लागतच नाही असंही पुष्कळदा होतं. यकृत, किडनी अशा खोल जागेसाठी काही दिवस आधी थांबवतात, आणि तो निर्णय हृदयाच्या आणि बायोप्सीच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा. काढे, भस्मं, झाडपाल्याची औषधं चालू असतील तर तीही सांगा. संकोच करू नका, त्यावरून कुणी रागवणार नाही.

खोल बायोप्सीआधी रक्त गोठण्याची तपासणी आणि प्लेटलेट पाहतात. दुर्बिणीची तपासणी असेल तर सहा ते आठ तास उपाशी राहायला सांगतात. अशा दिवशी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं की नाही हे विचारल्याशिवाय घेऊ नका. उपाशीपोटी साखर एकदम खाली येते. दातांच्या डॉक्टरांकडे भुलीच्या इंजेक्शनने कधी त्रास झाला असेल, आधी कावीळ झाली असेल, पोटात बाळ असण्याची शक्यता असेल, तर हे सगळं न विचारताच सांगायचं.

कुठे करायची, हा प्रश्न नाशिक जिल्ह्यात फार अडचणीचा नाही. त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, शालिमारजवळचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय, घोटीजवळ धामणगावचं एसएमबीटी ही सगळी मोठी ठिकाणं आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि कॅन्सरच्या उपचारांना मंजुरी मागताना बायोप्सीचा रिपोर्ट लागतो. निदानाच्या आधीचा तपासणीचा खर्च योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा, आणि दोन्हीवरचं नाव सारखं आहे ना तेही घरीच पाहून घ्या.

टेबलावर

बधिर करणाऱ्या इंजेक्शनची टोचणी जाणवते, पुढे फक्त दाब कळतो. कोअर बायोप्सीच्या वेळी यंत्राचा ‘टक’ असा मोठा आवाज होतो. हे आधी माहीत नसलं की माणूस दचकतो आणि सुई हलते. म्हणून घरातल्या आजींना, मावशींना आदल्या रात्रीच सांगून ठेवा. हाडाच्या मज्जेच्या वेळी क्षणभर ओढल्यासारखी कळ येते, ती भुलीने पूर्ण जात नाही.

यकृताच्या बायोप्सीनंतर काही तास झोपून राहावं लागतं. किडनीच्या बायोप्सीनंतर पुष्कळ ठिकाणी रात्रभर ठेवून घेतात आणि लघवीचा रंग पाहतात. फुप्फुसाच्या बायोप्सीनंतर छातीचा फोटो काढतात, कारण कधीकधी फुप्फुसाभोवती हवा शिरते. घरी गेल्यावर धाप लागली, चक्कर आली, लघवी लाल झाली, पोट कडक झालं, ताप आला किंवा जखमेवर दाब देऊनही रक्त थांबेना, तर सकाळची वाट पाहू नका. तोंडातून तुकडा काढला असेल तर दोन-तीन दिवस मऊ, गार, बिनतिखटाचं खाणं, आणि तंबाखू-मिसरी पूर्ण बंद.

बाटली: सगळ्यांत महत्त्वाचा भाग

शरीरातून निघालेला तुकडा निघाल्या क्षणापासून खराब व्हायला लागतो. पेशींचा रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि त्यांच्यातलेच द्रव त्यांना विरघळवू लागतात. हे थांबवायला १० टक्के फॉर्मॅलिन वापरतात. तुकडा त्यात गेला की पेशी आहेत त्या स्थितीत पक्क्या होतात.

साध्या पाण्यात ठेवलेला तुकडा फुगतो, पेशी फुटतात. सलाइनमध्ये रात्रभर ठेवलेला तुकडा कुजायला लागतो. स्पिरिटमध्ये तो आक्रसून कडक होतो. बाटली घेऊन आलेला एखादा दादा सांगतो, ‘ताई, औषध कमी वाटलं म्हणून वरून पाणी घातलं,’ तेव्हा त्याने काळजीपोटी केलेलं असतं, पण फॉर्मॅलिन पातळ झालेलं असतं. कमी वाटलं तर थिएटरमधून किंवा लॅबमधून फॉर्मॅलिनच मागून घ्या.

प्रमाण लक्षात ठेवा: तुकड्याच्या किमान दहा पट फॉर्मॅलिन. गर्भाशय किंवा स्तनाचा मोठा भाग असेल तर मोठा डबाच लागतो. बरणीत कोंबून भरलेल्या अवयवाच्या आत फॉर्मॅलिन पोहोचत नाही आणि मधला भाग सडतो. बाटलीचं तोंड रुंद हवं. मऊ असताना आत गेलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये कडक होतो आणि अरुंद तोंडातून बाहेर येत नाही, मग तो ओढून किंवा बाटली कापून काढावा लागतो. बारीक तुकडे असतील तर ते झाकणाला किंवा कडेला चिकटून कोरडे राहिले नाहीत ना, हे बाटली उजेडात धरून पाहा.

आता अपवाद, आणि हे अपवाद फार कामाचे आहेत.

टीबीची शंका असेल तर एकाच जागेचे दोन भाग करावे लागतात. एक फॉर्मॅलिनमध्ये, पेशींची रचना पाहण्यासाठी. दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, जीनएक्स्पर्ट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी). फॉर्मॅलिन जंतू मारतं, त्यामुळे सगळाच तुकडा त्यात गेला तर कल्चर होऊच शकत नाही आणि कुठली औषधं लागू पडतील हे कळायची वाट बंद होते. आपल्याकडे मानेच्या गाठीत टीबी सर्रास सापडतो, म्हणून थिएटरमध्ये जाण्याआधीच डॉक्टरांना विचारा, ‘टीबीसाठी वेगळा तुकडा ठेवणार ना?’ हा एक प्रश्न दुसरी शस्त्रक्रिया वाचवू शकतो.

किडनीच्या बायोप्सीतलाही एक तुकडा विशेष तपासणीसाठी फॉर्मॅलिनविना पाठवायचा असतो. शस्त्रक्रिया चालू असतानाच निकाल हवा असतो, ज्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात, तेव्हा ताजा तुकडा तसाच धावत न्यावा लागतो. आणि एफएनएसीच्या काचपट्ट्यांवर नाव पेन्सिलीने लिहितात, कारण शाई अल्कोहोलमध्ये निघून जाते.

वेळेबद्दल लोक फार घाबरतात. सुरगाण्याहून किंवा पेठहून आलेल्या माणसाला घाटरस्ता उतरून यायचं असतं, मालेगाव नाशिकपासून साधारण १०० किलोमीटर आहे, आणि लॅब बंद व्हायच्या आत पोहोचू का ही धाकधूक असते. पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये असलेला लहान तुकडा रात्रभर घरी राहिला तरी बिघडत नाही. तेव्हा बाटलीसाठी गाडी दामटू नका. फक्त स्तनाच्या नमुन्यात काळजी घ्यावी लागते: काढल्यापासून तासाभरात तो फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे आणि एकूण ६ ते ७२ तासच त्यात राहिला पाहिजे, कारण पुढच्या हार्मोनच्या तपासण्या याच्या बाहेर चुकू शकतात. शनिवारी ऑपरेशन झालं, रविवारी लॅब बंद, सोमवारी सुट्टी, असं असेल तर आधीच फोन करून विचारा. सलाइनमधला ताजा तुकडा मात्र अजिबात थांबवायचा नाही.

फॉर्मॅलिनची बाटली फ्रीझरमध्ये ठेवू नका. बर्फ झाला की पेशी फाटतात. एप्रिल-मेच्या उन्हात ती दुचाकीच्या डिकीतही ठेवून देऊ नका. झाकण घट्ट लावून, दोन पिशव्यांत घालून, उभी धरून न्या. आणि कळकळीने सांगते: फॉर्मॅलिन कधीही पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घेऊ नका. ते पाण्यासारखंच दिसतं आणि विष आहे. एसटीत शेजारी बसलेलं तहानलेलं पोर ती बाटली तोंडाला लावू शकतं. डोळ्यांत किंवा हातावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवा, वाफ हुंगू नका.

बाटलीवर रुग्णाचं पूर्ण नाव, वय, कुठला भाग, उजवा की डावा, तारीख आणि तुकडा काढल्याची वेळ हवी. लेबल बाटलीच्या अंगावर असावं, झाकणावर नको, कारण दोन बाटल्या उघडल्या की झाकणं बदलू शकतात. दोन ठिकाणचे तुकडे असतील तर दोन बाटल्या, दोन लेबलं. हातात घेतल्याबरोबर तिथेच वाचा. नाव चुकीचं असेल तर सिस्टरना नम्रपणे सांगा आणि त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. घरी येऊन स्वतः खाडाखोड करू नका.

सोबतचा कागद

सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाला पाहिलेलं नसतं. त्यांच्यापुढे एक तुकडा आणि एक फॉर्म असतो. फॉर्मवर नुसतं ‘गाठ’ लिहिलेलं असेल तर त्यांना अंधारात चालावं लागतं. गाठ किती दिवसांपासून आहे, वाढतेय का, सोनोग्राफीत काय दिसलं, आधी टीबी किंवा कॅन्सरचे उपचार झालेत का, तंबाखू किती वर्षं, ही माहिती निदान बदलू शकते. रेडिएशन घेतलेल्या जागेच्या पेशी विचित्र दिसतात, आणि ते माहीत नसेल तर त्या कॅन्सरच्या वाटू शकतात. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा असेल तर शेवटच्या पाळीची तारीख लागतेच, कारण ते अस्तर महिन्याभरात सतत बदलत असतं. हाडाचा तुकडा असेल तर एक्स-रे किंवा एमआरआयच्या फिल्मही न्या.

डॉक्टर गडबडीत असतील तर ही माहिती आपण एका कागदावर मराठीत लिहून फॉर्मला जोडा. आम्ही ती आनंदाने घेतो. जुने रिपोर्ट झेरॉक्स करून द्या, मूळ प्रत घरी ठेवा. आणि बाटली दिल्यावर पावती घ्या, तिच्यावरचा नमुना क्रमांक मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढे वर्षानुवर्षं तोच क्रमांक उपयोगी पडतो.

रिपोर्टला इतके दिवस का

रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग याला आठवडा का, असं खिडकीवर विचारतात. रागही धरतात, आणि तो समजण्यासारखा आहे, घरी कुणी जेवत नसतं. पण तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पक्का होणं, डॉक्टरांनी त्यातले योग्य भाग निवडणं, रात्रभर अल्कोहोल आणि झायलीनमधून जाणं, मेणात बसवून ठोकळा करणं, त्याच्या ३ ते ५ मायक्रॉन जाडीच्या चकत्या कापणं आणि रंगवणं, यातली कुठलीही पायरी घाईने उरकता येत नाही. हाड असेल तर आधी त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं, त्याला आणखी दिवस जातात. साध्या तुकड्याला साधारण तीन ते सात दिवस धरा. पेशींवरची प्रथिनं ओळखणारी आयएचसी तपासणी सांगितली तर आणखी काही दिवस. ‘रिपोर्टला उशीर होतोय म्हणजे वाईटच असणार’ असा अंदाज बांधू नका. जास्तीची चकती कापायला सांगितली जाते ती शंका राहू नये म्हणून.

रिपोर्ट हातात आल्यावर

आधी नाव, वय, भाग आणि बाजू जुळते का पाहा. मग शेवटचा, निष्कर्षाचा परिच्छेद वाचा. वरचं वर्णन डॉक्टरांसाठी असतं.

बिनाइन म्हणजे साधी गाठ, मॅलिग्नंट म्हणजे कॅन्सर. डिस्प्लेसिया म्हणजे पेशी बिघडायला लागल्यात, कॅन्सर झालेला नाही. तंबाखू खाणाऱ्याच्या गालातल्या चट्ट्यावर हा शब्द आला तर ती सोन्यासारखी संधी आहे, तंबाखू त्याच दिवशी सोडायची आणि पुढची तपासणी चुकवायची नाही. कार्सिनोमा इन सिटू म्हणजे कॅन्सरच्या पेशी आहेत पण अस्तराबाहेर घुसलेल्या नाहीत. ग्रॅन्युलोमा म्हणजे विशिष्ट प्रकारची सूज. आपल्याकडे तिचं टीबी हे एक मोठं कारण आहे, एकमेव नाही.

ग्रेड आणि स्टेज यांत लोकांची फार गल्लत होते. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात. स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर गेलाय. ग्रेड ३ वाचून ‘तिसरी स्टेज’ समजून रडणारी माणसं पाहिली आहेत. स्टेज ठरवायला सहसा स्कॅन लागतात, लहान तुकड्याच्या रिपोर्टवरून ती कळत नाही. गाठ पूर्ण काढलेली असेल तर ‘मार्जिन’ पाहा. कडा मोकळ्या आहेत की कडेपर्यंत आजार आहे, त्यावर पुढची शस्त्रक्रिया ठरते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (हे वाढीचं प्रथिन जास्त आहे का) हे तीन निकाल हवेतच, औषधं त्यांवरच ठरतात. हर-टू ‘२+’ आलं तर ते अर्धवट उत्तर आहे, त्यापुढे फिश नावाची तपासणी लागते.

‘इनॲडिक्वेट’ म्हणजे नमुना अपुरा. त्यातून कॅन्सर नाही असा अर्थ निघत नाही, पुन्हा करावी लागते. आणि सगळ्यांत जास्त सावध राहण्याची जागा ही: रिपोर्ट साधा आला, पण डॉक्टरांच्या हाताला गाठ कडक लागते, किंवा मॅमोग्राफीत बायरॅड्स ५, म्हणजे कॅन्सरची दाट शंका, लिहिलंय. सुई शेजारच्या निरोगी भागात गेलेली असू शकते. हात, स्कॅन आणि सूक्ष्मदर्शक या तिघांचं जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर ‘देवाच्या कृपेने काही निघालं नाही’ म्हणून पेढे वाटून गप्प बसू नका, पुन्हा बायोप्सी करायची का हे स्पष्ट विचारा. गाठ अंगात तशीच असताना ती विसरून जाणं ही मी पाहिलेली सर्वांत दुःखद गोष्ट आहे.

हत्यार लागलं की पसरतो का?

ही भीती इतकी खोल आहे की तिच्यामुळे लोक महिनोन्महिने लेप लावत बसतात. बायोप्सीने कॅन्सर अंगभर पसरतो असं नाही. सुईच्या वाटेवर चार पेशी सांडणं क्वचित घडतं, बहुतेक गाठींत त्याने रुग्णाच्या भवितव्यात फरक पडत नाही. ‘सुई लावली आणि चार महिन्यांत गेला’ अशा गोष्टी प्रत्येक गावात ऐकू येतात. त्यांत नीट विचारलं तर बायोप्सीनंतर उपचारच घेतलेले नसतात, किंवा बायोप्सी मुळातच फार उशिरा झालेली असते.

पण डॉक्टरच जिथे जपून राहतात अशा जागा आहेत, त्याही सांगायला हव्यात. वृषणाच्या गाठीत वृषणकोशातून सुई घालत नाहीत. सुरुवातीच्या टप्प्यातली वाटणारी, पिशवीसारखी अंडाशयाची गाठ सुईने फोडत नाहीत, ती अख्खी काढतात. यकृत आक्रसलेल्या रुग्णात काही गाठींचं निदान नुसत्या स्कॅनवर होतं. हाताच्या किंवा पायाच्या हाडा-स्नायूंच्या गाठीत सुई कुठून घालायची ही जागा पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच ठरवायची असते, कारण ती वाट गाठीसोबत कापून काढावी लागते. म्हणून मांडीत मोठी, खोल गाठ असेल तर जवळच्या छोट्या दवाखान्यात ‘चीर देऊन बघू’ म्हणणाऱ्याला थांबवा आणि आधी मोठ्या केंद्रात जा.

रिपोर्ट कॅन्सरचा आला की मग मात्र आठवडे घालवायचे नाहीत. नवस, दुसऱ्या गावचा वैद्य, पाहुण्यांचा सल्ला, काढणीचा हंगाम, यात निघून गेलेला काळ परत आणता येत नाही.

दुसरं मत घ्यायचं असेल किंवा मुंबईला जायचं असेल

दुसरं मत मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. त्यासाठी शरीरातून पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. लॅबमध्ये मेणाचे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, आणि काचपट्ट्या जपून ठेवलेल्या असतात. पावतीवरचा क्रमांक आणि रुग्णाचं ओळखपत्र घेऊन लेखी अर्ज करा. मोठी रुग्णालयं स्वतःच्या पॅथॉलॉजिस्टकडून फेरतपासणी करतात, म्हणून परळच्या टाटा मेमोरियलला जाताना नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. सकाळी पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरायचं, परळला पोहोचायचं आणि तिथे ‘ब्लॉक कुठेय?’ असं विचारल्यावर पुन्हा नाशिकला यायचं, हा हेलपाटा आजारी माणसासोबत फार महागात पडतो.

निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी लॅबला फोन करा, ठोकळे शोधून काढायला वेळ लागतो. ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागा, सोबत किती ब्लॉक दिले याची लेखी नोंद घ्या आणि प्रत्येकावरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहा. स्लाइड प्लास्टिकच्या डबीत ठेवा, रुमालात गुंडाळून खिशात नको. मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं, तेव्हा ब्लॉक उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, हाताशी पिशवीत ठेवा. तिथे जमा केल्यावर पावती घ्या, आणि काम झालं की उरलेले ब्लॉक मागून परत आणून लॅबमध्ये द्या किंवा घरी सावलीत, कोरड्या जागी फाइलसोबत ठेवा. दोन वर्षांनी नवं औषध किंवा नवी तपासणी सुचवली गेली तर पुष्कळदा याच ठोकळ्यातून आणखी एक चकती कापता येते.